दादा, घड्याळाचे आकडे असे वाच

हेलसिंकी
३ नोव्हेंबर

प्रिय दादा,
सा. न.

मामा येत्या आठवड्यात नाशिकला पोचतील. त्यांच्या हँडबॅगेत तुझं घड्याळ आहे: गार्मिनचं फेनिक्स ७ प्रो, सफायर सोलर, ४७ मिलिमीटरचं. खोक्यात चार्जिंगची केबल आहे, अ‍ॅडॉप्टर नाही. घरातला कुठलाही ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर चालेल, घड्याळ हवा तेवढाच करंट ओढतं. स्क्रीन गार्ड लावायला दुकानात नेऊ नकोस. सफायर काचेवर वाळूचाही चरा पडत नाही. दगडावर आपटली तर मात्र ती तडकते आणि गार्डने तेही वाचत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात ठेव, मग बाकीचं सोपं जाईल. हे घड्याळ प्रत्यक्ष मोजतं ते थोडंच: कातडीखालून वाहणारं रक्त, हवेचा दाब, हाताची हालचाल, दिशा, तापमान आणि उपग्रहांचे सिग्नल. कॅलरी, व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते), बॉडी बॅटरी (अंगात किती ताकद उरलीय ते), झोपेचे मार्क हे सगळे त्यावरून बांधलेले अंदाज. ते गणित बरंचसं इथलंच, फिनलंडचं. युवास्कुलातल्या फर्स्टबीट अ‍ॅनालिटिक्सने ते बसवलं आणि २०२० मध्ये गार्मिनने ती कंपनीच विकत घेतली. गणित चांगलं आहे, पण खालचा ठोक्यांचा आकडा चुकला की वरचे सगळे मजले तिरके. म्हणून हे पत्र बरंचसं ठोक्यांवरच आहे.

जोडणी पहिल्यांदा. घड्याळ पूर्ण चार्ज कर, फोनवर गार्मिन कनेक्ट घे आणि जोडणी त्या अ‍ॅपमधूनच कर. फोनच्या ब्लूटूथ यादीतून परस्पर जोडलंस तर नाव दिसतं पण सिंक होत नाही. तसं झालंच तर यादीतून ‘फरगेट’ कर आणि अ‍ॅपमधून नव्याने जोड. अँड्रॉइड फोनवर आणखी एक काम आहे: सेटिंगमध्ये जाऊन गार्मिन कनेक्टचं बॅटरीवरचं बंधन काढ आणि ऑटोस्टार्ट असेल तर चालू कर. नाहीतर फोन अ‍ॅपला मागच्या मागे बंद करतो. मग मेसेज येणं थांबतं आणि उपग्रह कुठे असतील याची जी फाइल अ‍ॅपमार्फत घड्याळात जाते तीही शिळी होते. पुढे ‘जीपीएस लागायला पाच मिनिटं का लागतात’ असं तू विचारशील. निम्म्या वेळा कारण हेच असतं.

आता मनगट. मागच्या बाजूचे हिरवे दिवे कातडीत प्रकाश टाकतात, रक्त तो शोषतं, आणि प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश थोडा कमी-जास्त होतो. मोजणं इतकंच. त्यामुळे बाहेरचा उजेड आत शिरला किंवा घड्याळ कातडीवर घसरलं की खेळ संपला. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला जे गोल हाड वर येतं, त्याच्या एक बोट वर, कोपराच्या दिशेने बांध. हाडावर बांधलंस तर घड्याळ डुगडुगतं. पळताना पट्टा एक भोक घट्ट कर. बोटाने घड्याळ ढकललं तर खालची कातडीही सोबत सरकली पाहिजे. पळून झालं की परत सैल. हे ७३ ग्रॅमचं धूड आहे, सैल राहिलं तर प्रत्येक पावलाला उडतं.

पळताना एक ठरावीक घोटाळा होतो. हातांच्या झोक्याची लय ठोक्यांपेक्षा जास्त ठळक असली की सेन्सर तीच लय पकडून बसतो. तू आरामात पळत असतोस, बोलू शकत असतोस, आणि घड्याळ १७० दाखवतं. तुझी पावलंही मिनिटाला १७० च्या आसपासच पडत असतात. घरी येऊन कनेक्टमध्ये हार्ट रेटच्या आलेखावर केडन्सचा, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या पावलांचा, आलेख चढवून बघ. दोन्ही रेषा एकमेकींवर चिकटलेल्या दिसल्या तर ते ठोके नव्हेत, पावलं आहेत. थांब, पट्टा आवळ, अर्धा मिनिट चाल, मग पुन्हा सुरू कर. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे हे जास्त होईल, कारण थंडीत कातडीकडे रक्त कमी येतं आणि खरा सिग्नल क्षीण होतो. पूर्ण बाहीच्या आत घड्याळ ठेवून दहा मिनिटं भरभर चाल, मग पळ.

दंड-बैठका, सायकलचं हँडल घट्ट धरणं, डंबेल, यांत मनगट वाकतं आणि स्नायू आवळतात. तिथे मनगटावरचा आकडा मी धरतच नाही. त्यासाठी छातीचा पट्टा ठेवलाय, एचआरएम ड्युअल. तो प्रकाशाने नाही, हृदयाच्या विजेवर चालतो. आतल्या दोन खरबरीत पट्ट्या बांधण्याआधी पाण्याने ओल्या कर. कोरडा बांधलास तर घाम येईपर्यंत आकडे नाचतात. हवा कोरडी असताना ढगळ पॉलिस्टरचा टी-शर्ट पट्ट्यावर फडफडला तरी खोटे उसळलेले आकडे येतात. आत सीआर २०३२ सेल आहे, कुठेही मिळतो. धुताना वरची डबी काढून ठेव.

ठोके नीट आले तरी झोन, म्हणजे ठोक्यांवरून पाडलेले जोराचे पाच टप्पे, चुकीचे असतील तर उपयोग नाही. घड्याळ सुरुवातीला कमाल ठोके २२० वजा वय धरतं, म्हणजे तुझ्या ४४ ला १७६. पण एकाच वयाच्या दोन माणसांत १०-१२ ठोक्यांचा फरक सहज असतो. तुझा खरा कमाल आकडा १८८ असेल तर १५० ठोक्यांची धाव ८० टक्क्यांच्या आत, तिसऱ्या झोनमध्ये पडते. १७६ धरलं तर तीच ८५ टक्के, चौथ्या झोनमध्ये. मग घड्याळ रोज ‘फार जोर लावलास’ म्हणत राहणार.

त्यावर उपाय ३० मिनिटांची चाचणी. छातीचा पट्टा लाव, १५ मिनिटं वॉर्म-अप कर. मग अर्धा तास एका लयीत टिकेल तेवढ्या जोरात पळ आणि दहाव्या मिनिटाला खालचं उजवं बटण दाबून लॅप पाड. शेवटच्या २० मिनिटांची ठोक्यांची सरासरी म्हणजे तुझा थ्रेशोल्ड, ज्याच्या वर गेलास की दम लवकर संपतो ती पातळी. मधलं डावं बटण दाबून धर, यूजर प्रोफाइलमध्ये हार्ट रेट झोन आहेत, तिथे तो आकडा भर आणि झोन त्याच्या टक्केवारीवर लाव. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी माणसं चुकवतच पळावं लागतं, लय तुटते. गर्दी नसेल अशी वेळ आणि सपाट जागा शोध. आणि चाचणीच्या आधी डॉक्टरांना एकदा दाखवून घे, चाळिशी ओलांडलीयस.

जीपीएस. वरचं उजवं बटण दाबून ‘रन’ निवडलंस की लगेच दुसऱ्यांदा दाबू नकोस. वरची पट्टी हिरवी होऊ दे, मग सुरू कर. घाई केलीस तर पहिला अर्धा किलोमीटर नकाशावर लोकांच्या घरांतून जातो. सॅटेलाइट सेटिंग ‘ऑटो सिलेक्ट’वर ठेव. मोकळ्यावर ते साधं जीपीएस वापरतं आणि कडे, उंच इमारती आल्या की उपग्रहांच्या सिग्नलच्या दोन्ही फ्रिक्वेन्सी सुरू करतं. सिग्नल कड्यावर आपटून उशिरा येतो तेव्हा जागा चुकते. दुसरी फ्रिक्वेन्सी तो फरक ओळखायला मदत करते. ब्रह्मगिरीच्या पोटाला किंवा हरिहरच्या पायऱ्यांवर हे कळेल. बॅटरीचा हिशेब असा: नुसतं जीपीएस ५७ तास, सगळे उपग्रह ४० तास, दोन्ही फ्रिक्वेन्सी २३ तास. म्हणजे साल्हेरला दहा तास पूर्ण ताकदीने चालवलंस तर ४३ टक्के जाणार. सोलरवर फार भिस्त ठेवू नकोस. कंपनीचे सोलरचे आकडे ५०,००० लक्स उजेड, म्हणजे चांगलं ऊन, धरून आहेत, आणि बाहीखाली काहीच मिळत नाही. चार्ज होईल म्हणून गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात तर अजिबात ठेवायचं नाही, उष्णतेने बॅटरी कायमची म्हातारी होते.

आत युरोपचे नकाशे आहेत. आपल्याकडचे मॅप मॅनेजरमधून वायफायवर उतरव. फाइल मोठी असते, रात्री चार्जरला लावून सोड. गडवाटा त्यात सगळ्या नसतात. ओळखीच्या ट्रेकरकडून जीपीएक्स, म्हणजे वाटेची नोंद असलेली फाइल, घेऊन कनेक्टमध्ये कोर्स बनव. अंजनेरीवर पावसाळ्यात धुकं उतरलं तर अ‍ॅक्टिव्हिटी थांबवून ‘बॅक टू स्टार्ट’मधला ‘ट्रॅकबॅक’ निवड, आलास त्याच वाटेने परत नेईल. वरचं डावं बटण दोनदा दाबलं की टॉर्च लागतो. पडल्यावर घरी मेसेज जाण्याची सोय आहे, पण तो मेसेज फोनच पाठवतो. फोनला रेंज नसेल तिथे ती सोय नाही असंच समज आणि वहिनींना परतायची वेळ आधीच सांगून जा.

उंचीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथे आणि नाशिकला यात फरक आहे. घड्याळ उंची हवेच्या दाबावरून काढतं. नाशिकच्या उंचीवर १ हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास ९ मीटर. आपल्याकडे, उष्ण कटिबंधात, हवेचा दाब रोज घड्याळ लावल्यासारखा हलतो: सकाळी दहाच्या सुमारास चढा, दुपारी चारच्या सुमारास उतरलेला, आणि फरक ३ हेक्टोपास्कलच्या आसपास. म्हणजे तू कॉलेज रोडला खुर्चीत बसून असलास तरी दुपारपर्यंत २५-३० मीटर ‘चढतोस’. घड्याळ बिघडलेलं नाही. गडावर निघताना पायथ्याशी उंची जुळवून घे: सेन्सर्समध्ये अल्टीमीटर, त्यात कॅलिब्रेट. घरच्या घरी पडताळायचं असेल तर रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तिथे उभं राहून आकडा भर.

आणि हीच उंची एक दिवस अचानक वेड्यासारखी दाखवायला लागेल, सपाट रस्त्यावर शेकडो मीटर चढ. तेव्हा केसच्या कडेला बघ. तिथे हवेसाठी अगदी बारीक भोकं आहेत. घाम, साबण, सनस्क्रीन सुकून ती बुजतात आणि आतल्या सेन्सरला बाहेरचा दाब कळत नाही. कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेव, मऊ ब्रशने हलकेच घास, सुकू दे. सुई, टाचणी घालायची नाही, आतला पडदा फाटतो.

चार्जिंगच्या चार टाचण्यांचंही तसंच. घामाचं मीठ, ओल आणि करंट एकत्र आले की त्या काळ्या पडतात. पळून आल्याआल्या केबल लावू नकोस; धू, पूस, मग लाव. १० एटीएम लिहिलंय म्हणून गीझरच्या कढत पाण्याखाली घालू नकोस, ते माप थंड, स्थिर पाण्याचं असतं. डासांचं क्रीम लावलंस तर हात धुऊन मग घड्याळाला हात लाव, त्यातलं डीट प्लॅस्टिक खातं. मनगटावर पुरळ आलं तर आधी पट्ट्याखाली साचलेला साबण आणि घाम बघ, अ‍ॅलर्जी नंतर.

रात्री रक्तातला ऑक्सिजन मोजणं बंद ठेव. बॅटरी खातं आणि तुला त्याचा उपयोग नाही. एचआरव्हीची (दोन ठोक्यांमधला वेळ किती कमी-जास्त होतो त्याची) तुझी स्वतःची पातळी ठरायला तीन आठवडे रात्रीही बांधावं लागतं, तोवर ते काही म्हणालं तरी सोडून दे. नंतर मात्र हा आकडा खरंच बोलका आहे. उशिरा जेवलास, किंवा आपल्या नाशिकची वाइन जरा जास्त झाली, तर सकाळी लपत नाही.

एप्रिलमध्ये घड्याळ ‘अनप्रॉडक्टिव्ह’, म्हणजे सराव करतोयस पण दम वाढत नाही, असं म्हणेल, आत्ताच सांगून ठेवते. उन्हात त्याच वेगाला ठोके चढतात, घड्याळाला वाटतं दम कमी झाला. २२ अंशांच्या वर ते उष्णतेची सवलत धरतं, पण तापमान फोनवरून घेतं, म्हणून सिंक चालू हवं. गडावर ‘ट्रेल रन’ वापर आणि त्यात व्हीओटू मॅक्सची नोंद बंद कर, नाहीतर दगडधोंड्यांतला मंद वेग तुझ्या नावावर जमा होतो.

वहिनींना सांग, पोळ्या लाटताना पावलं वाढली तर हसू नका. हाताच्या लयीवरून ते मोजतं. उलट दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या धरून चाललात तर काही पावलं निसटतात.

बाबांनी हातात घालून बघायला हरकत नाही, पण त्यांच्या बीपीच्या गोळ्यांत बीटा ब्लॉकर असेल तर ठोके औषधानेच खाली असतात, झोन त्यांना लागू नाहीत. ईसीजीची सोय देशागणिक वेगळी आहे, शिवाय मनगटावरचा ईसीजी हार्ट अटॅक ओळखत नाही. छातीत दुखलं तर घड्याळाकडे न बघता १०८ लावायचा.

बिलाची पीडीएफ मेल केलीय, जपून ठेव. चाचणी झाली की थ्रेशोल्डचा आकडा आणि त्या धावेचा आलेख पाठव, झोन मी इथून तपासून देते. आईबाबांना नमस्कार.

तुझी,
छोटी