पेटी रिकामी आहे हे तू सांगायला नको होतंस

इंदूर, रविवार रात्र (घड्याळात सोमवार लागलाय, पावणेएक)

प्रिय ठाणेकर,

नमस्कार-चमत्कार नंतर, आधी भांडण. ग्रुपवरच लिहिणार होतो पण तिथे बडोदेकर आणि नागपूरवाल्या ताईंनी अजून नाटक पाहिलेलं नाही, आणि मी काही तुझ्यासारखा नाही, म्हणून हे वेगळं लांबलचक, लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचलंस तरी चालेल पण वाच.

पाहिलं एकदाचं. आणि दोनदा पाहिलं, ते पुढे सांगतो. तू मार्चमध्ये ठाण्यात घाणेकर नाट्यगृहात प्रयोग सुटल्या सुटल्या, बहुतेक अजून पायऱ्यासुद्धा उतरला नव्हतास, ग्रुपवर टाकलंस "पेटी रिकामी निघते यार, रडलो". एका मिनिटात डिलीट केलंस. पण ते मिनिट माझं होतं ना भिया! मी तेव्हा दूध तापत ठेवून फोन बघत उभा होतो, दूधही गेलं आणि शेवट कळून नाटकही गेलं. मग आठ महिने त्या नाटकाबद्दल कुणी काही बोललं की माझ्या डोक्यात पेटी. पोस्टर बघितलं, पेटी. आबांनी माळ्यावरची ट्रंक काढायला सांगितली तरी मला हसू.

तुम्हाला कळत नाही रे आमचं दुःख. तुला शनिवारी दुपारी जेवून कंटाळा आला की तू पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडतोस, चारातलं एक निवडतोस आणि निघतोस, नाही आवडलं तर पुढच्या शनिवारी दुसरं. आमच्याकडे जे येईल ते आणि जेव्हा येईल तेव्हा. सानंद या आमच्या इथल्या नाटकं आणणाऱ्या संस्थेचं वर्षाचं सभासदत्व, त्यात ठरलेली नाटकं, आणि त्यातही तुझा समूह ठरलेला. हे मी तुला दहादा सांगितलंय तरी तू दर वेळी विचारतोस "पण मग तिकीट कुठे मिळतं?", म्हणून शेवटचं सांगतो. एकच नाटक, दोन दिवसांत पाच प्रयोग. शनिवारी दुपारी ४ ला रामूभैया दाते समूह, रात्री साडेसातला राहुल बारपुते समूह, रविवारी सकाळी १० ला मामा मुजुमदार समूह, मग ४ ला वसंत आणि साडेसातला बहार. रामूभैया म्हणजे अरुण दात्यांचे वडील, पुलंचे दोस्त, आणि बारपुते म्हणजे नईदुनियाचे संपादक, मराठी माणूस आणि हिंदी पेपर असा गाजवला की विचारू नकोस. त्यामुळे आमच्याकडे कुणी "तू कोणत्या शोला आहेस" असं नाही विचारत, "तू कशात आहेस?" "मी बारपुत्यांत, तू?" "आम्ही दात्यांत." बाहेरच्या माणसाला वाटेल घराण्यांची विचारपूस चाललीय.

आता नटांच्या बाजूने बघ. दोन अंकी नाटक, पाच प्रयोग, म्हणजे दहा अंक झाले की शनिवार दुपार ते रविवार रात्र. तीच एंट्री, तेच रडणं, सकाळी दहाला पोह्यांचा ढेकर देत बसलेल्या लोकांसमोर रडायचं. आणि त्याआधी सेटचा ट्रक धुळ्यावरून सेंधव्याचा घाट चढून येणार. मला तर विंगेत जाऊन सगळ्यांना चहा द्यावासा वाटतो.

आम्ही दात्यांत, म्हणजे मी, आई आणि आबा. शनिवारी तीनलाच आबा चपला घालून दारात. खंडवा रोडवर युनिव्हर्सिटीच्या ऑडिटोरियमला पोचलो तर पार्किंगमध्ये नेहमीसारखं, "अय्या कित्ती दिवसांनी", "गुडघा कसा आहे", "मुलगी बंगलोरला ना?" आणि हे सगळं मराठीत, हजारभर माणसं एकदम मराठीत. तुला यात काय विशेष वाटणार, तुझा तर भाजीवालाही मराठी. मी दिवसभर ऑफिसात हिंदी, दुकानात हिंदी, पोरगा माझ्याशी हिंदीत भांडतो, मराठी म्हणजे घरातल्या चार भिंती. आणि तिथे एकदम गर्दीचं मराठी. तेही आमचंच बरं का, "तो तर चालला गेला" वालं, तू व्हॉइस नोट ऐकून ज्याच्यावर खिदळतोस ते.

हसण्यावरून आठवलं. मी या वेळी मोबाइल बंद करून खिशात कागद-पेन ठेवलं होतं, आमचं इंदूर कुठे हसतं त्याची नोंद करायला, तुझ्याशी नेहमी वाद होतो ना म्हणून. तर ८.१२च्या फास्ट लोकलवरचा जोक, जिथे तुमच्याकडे म्हणे टाळ्या पडतात, तिथे आमच्याकडे शांत. एक माणूस हसला, तो नक्की कांदिवलीचा जावई असणार. पुणेरी पाट्यांवर बऱ्यापैकी हशा, कारण ते सगळं आम्हाला फॉरवर्डमधून पाठ आहे. पण नवरा प्लंबरला फोनवर सांगतो ना, "वो नल गळता है, उसको जरा घट्ट करो", तिथे जो काय हशा पडला! नट दचकला अक्षरशः. पुढचं वाक्य गिळून थांबावं लागलं त्याला, आणि आबा डोळे पुसत होते. तुमचं हिंदी हा आमचा पिढीजात करमणुकीचा कार्यक्रम आहे रे. तुमच्याकडे या वाक्याला काय होतं ते प्रामाणिकपणे सांग. काही होत नसणार, कारण तिथे बसलेले सगळे नळ घट्टच करतात.

आणि मग आली ती ऍडिशन, म्हणजे संहितेत नसलेलं, नटाने पदरचं घातलेलं वाक्य. यायचीच. पहिल्या अंकात सासरे म्हणतात "चहाबरोबर काहीतरी दे", तर सून म्हणाली "पोहे देऊ? जिरावन टाकून?" जिरावन म्हणजे आमचा पोह्यांवर भुरभुरायचा मसाला. झालं, अख्खं थिएटर खूश, टाळ्या, शिट्टीसुद्धा. तुला माहितीये मला किती चीड आहे याची. नाशिकला मिसळ, नागपूरला तर्री, इंदूरला जिरावन, गाव बदललं की मसाला बदलायचा. लहान मुलाच्या हातावर गोळी ठेवल्यासारखं वाटतं मला, घे बाळ, आता पुढचं गंभीर आहे ते गप्प बसून बघ. लेखकाने ती सून कुठल्या घरातली लिहिलीय? गिरगावातली. तिच्याकडे जिरावन कुठून? आबांना हे म्हटलं तर म्हणाले, "तू शहाणा आहेस, आम्हाला मजा आली." ते तर वाटच बघत असतात, या वेळी सराफा म्हणतील की छप्पन म्हणतील, आमचे खाण्याचे दोन अड्डे.

असो. पेटीकडे येतो.

तू शेवट सांगितलास म्हणून मला शिव्या देत बसायचं होतं, पण झालं भलतंच. पहिल्या अंकात म्हातारा ती पेटी तीनदा हलवतो, बरोबर? एकदा पलंगाखालून काढतो, एकदा खिडकीपाशी नेतो, एकदा मुलगा आल्यावर परत ढकलतो. कुणाला हात लावू देत नाही. माझ्या शेजारी आई बसलेली, तिला वाटतंय आत दागिने किंवा कागद. आणि मला ठाऊक आहे की आत काही नाही. मग मी दुसरं काही बघितलंच नाही, फक्त त्याचे हात. तो आधी कडी पकडतो, मग थांबतो, एक पाय मागे घेतो, तोंडाने नाही तर नाकाने श्वास घेतो, मग उचलतो, आणि खांदा उजवीकडे खाली जातो. ठेवताना तर बघ, आधी एक कोपरा टेकवतो, मग बोटं काढून बाकीची पेटी उतरवतो. आवाज नाही. पत्र्याची पेटी, अजिबात आवाज नाही!! म्हणजे रिकामी पेटी जड आहे असा अभिनय म्हातारा घरच्यांसमोर करतोय, आणि तो म्हातारा हा नट आमच्यासमोर करतोय, आणि पेटी खरोखरच रिकामी आहे, प्रॉपर्टीवाला कशाला भरतोय. मला गरगरलं रे. ज्यांना शेवट माहीत नव्हता त्यांना हे दिसलं असेल पण कळलं नसणार. दुसऱ्या अंकात पेटी उघडली तेव्हा आईने माझा हात धरला आणि मी तिच्याकडे बघून गप्प. मला रडू आधीच येऊन गेलं होतं, पहिल्या अंकात, तिसऱ्यांदा ढकलताना, एकट्यालाच, जिथे कुणीच रडत नाही तिथे. याला जबाबदार तू.

म्हणून परत बघायचं होतं. आमच्या कॉलनीतल्या काकू पोरीकडे गेल्यात, त्यांचा बहारचा पास मिळाला, आजचा साडेसातचा, पाचवा प्रयोग. घरी सांगितलं तर बायको म्हणाली "कालच तर पाहिलंत". मी म्हटलं पेटी बघायचीय. तिने पुढे काही विचारलं नाही, आता तिला सवय झालीय.

पाचवा प्रयोग कळतो. आवाज बसलेला, सून जरा घाईत, ब्लॅकआउटमध्ये कुणीतरी स्टुलाला अडखळलं. म्हातारा मात्र तसाच, तोच पाय मागे, तोच श्वास. पहिल्यांदा ठीक. दुसऱ्यांदा खिडकीपाशी नेली आणि ठेवताना हात सुटला. टण्ण. असा पोकळ आवाज आला रे, रिकाम्या डब्याचा, अख्ख्या हॉलमध्ये. पहिल्या अंकात!! नाटक तिथेच फुटलं. माझ्या पोटात गोळा. म्हातारा वाकलेला तसाच, वर बघेना. दोन सेकंद असतील, मला दोन मिनिटं वाटली. आणि ती सून, ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, ती वळलीसुद्धा नाही, कांदा चिरता चिरता म्हणाली, "बाबा, हळू हो, वरचा डबा पडला का?" आणि तो, वाकलेलाच, "हो गं, डबाच. तुझाच." बस्स. हॉलमध्ये थोडं हसू, संसारात उमटतं तेवढंच, आणि नाटक पुढे.

कुणालाच कळलं नाही. माझ्या शेजारचे आजोबा तर आरामात बसले होते. मला वाटतं त्या हॉलमध्ये मी, ती, तो आणि विंगेतला बॅकस्टेजवाला, एवढ्याच चौघांचा जीव परत जागेवर आला. ती पण ऍडिशनच होती ना रे? कालच्या जिरावनवालीनेच घेतलेली. कालपासून मी तिला मनातल्या मनात काय काय बोलत होतो. जिरावनची मला अजूनही चीडच आहे, ते मागे घेत नाही, पण रोज कुठे ना कुठे असा एखादा शब्द टाकत राहायची सवय नसती तर आज तो डबा तिच्या तोंडात आला असता का, हे मला सांगता येत नाही. तू सांग. तू हौशी रंगभूमीवर दोन वर्षं काम केलंयस, मी फक्त खुर्चीवाला.

प्रयोगानंतर सराफ्यात गेलो, एकटाच. थंडी पडायला लागलीय म्हणजे गराडू सुरू. तुला फोटो टाकलाय तो बटाटा नाही, कंद आहे, तळून वर लिंबू आणि (हो) जिरावन. गाडीवाल्यासमोर उभा राहून दोन्ही हात पेटीच्या कडीसारखे धरून बघितले, पाय मागे, नाकाने श्वास. तो म्हणाला, "भिया, कमर में दर्द है क्या?"

आबांचं सांगायचं राहिलं. ते कालपासून बारपुत्यांतल्या मित्राशी फोनवर भांडतायत की प्रयोग चारचा चांगला झाला की साडेसातचा. दोघांनीही दुसऱ्याचा पाहिलेला नाही. आणि भांडण नेहमीसारखं शेवटी लताबाईंवर गेलं, की त्या सिख मोहल्ल्यात जन्मल्या, २८ सप्टेंबर १९२९, दीनानाथांची बळवंत संगीत मंडळी, म्हणजे नाटकवाल्याची मुलगी, म्हणजे इंदूरचं आणि नाटकाचं नातं वगैरे वगैरे. त्या घराच्या जागी आता कपड्यांचं दुकान आहे. आबा तिथून जाताना अजूनही चप्पल जरा हळू टाकतात, आणि हे कुणी बोलून दाखवलेलं त्यांना आवडत नाही.

आपला दंडाचा हिशेब काढला मगाशी. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सगळे आपापल्या घरी बसून एकच रेकॉर्डेड नाटक लावायचो आणि टाइप करत बसायचो तेव्हाचा नियम आहे, शेवट फोडला की भेटू तेव्हा सगळ्यांना बटाटेवडा. तुझ्या नावावर एकोणीस झालेत. बडोदेकराचे चार, ताईंचा शून्य, माझे दोन (एक मी मान्य करत नाही, ते नाटक सगळ्यांनी शाळेत वाचलेलं होतं). पाच वर्षं झाली रे, आणि आपण एकमेकांना फक्त डीपीत पाहिलंय, तुझी उंची किती तेसुद्धा मला माहीत नाही.

तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतोय. अवंतिका एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय, सकाळी मुंबई सेंट्रल, तिथून ठाण्याला कसं यायचं ते लिही, नीट लिही, "दादरला चेंज" एवढंच लिहू नकोस, मला कोणत्या पुलावरून कुठे ते पाहिजे. आबाही येतो म्हणतायत. त्यांना आतल्या बाजूची खुर्ची नको, रांगेच्या कडेची हवी, आणि ऐकायला कमी येतं त्यामुळे ते मधेच मोठ्याने "काय म्हणाला?" विचारतील, तेव्हा अनोळखी असल्यासारखं वागायचं नाही. नाटक तू निवड. नाव सांग, वेळ सांग, बाकी एक अक्षर सांगू नकोस.

आणि जिरावन किती आणू? वहिनींना विचारून सांग, पाव किलो की अर्धा. हसू नकोस.

तुझा,
इंदूरकर