चॉकलेटी सिरियल मऊ का पडते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चॉकलेट, पीनट बटर आणि पिठीसाखरेत घोळवलेल्या सिरियलच्या (न्याहारीच्या तयार कुरकुरीत धान्याच्या) कृती पुरवण्यांतून वरचेवर येतात. प्रमाण ‘कपा’त असते आणि खरा घात करणाऱ्या पाण्याचा उल्लेखही नसतो. कपात बारीक सिरियल जास्त मावते, मोठे पोकळ कमी. म्हणून वजनच धरावे. 250 ग्रॅम सिरियल, 170 ग्रॅम डार्क चॉकलेट, 125 ग्रॅम पीनट बटर, 55 ग्रॅम बटर, 180 ग्रॅम पिठीसाखर, एक लहान चमचा व्हॅनिला.

सिरियल पोकळ, जाळीदार घ्यावे. कॉर्नफ्लेक्सचा ढवळताना चुरा होतो. पाकीट आधीच फोडलेले असेल तर 150 अंश सेल्सिअसला 5 ते 7 मिनिटे भाजून पूर्ण गार करावे. मऊ सिरियल चॉकलेट लावून कुरकुरीत होत नाही.

चॉकलेट, बटर आणि पीनट बटर मायक्रोवेव्हमध्ये निम्म्या शक्तीवर, दर 30 सेकंदांनी ढवळत वितळवावे. थोडे तुकडे उरले की थांबावे, उरलेले आतल्या उष्णतेवर विरघळतात. भांडे-चमचा कोरडा ठणठणीत हवा. दोन-चार थेंब पाणी गेले, तरी चॉकलेटमधली साखर आणि कोको ते शोषून एकमेकांना चिकटतात आणि गुठळी होते. दूध घालून ती सैल करता येते, हे खरे. पण तेच दूध पुढे सिरियल मऊ करते. ते चॉकलेट पेयासाठी ठेवून नवे घ्यावे, हेच शहाणपण.

मिश्रणात व्हॅनिला ढवळून ते सिरियलवर ओतून रुंद भांड्यात तळापासून हलक्या हाताने उलथावे. मग 5-10 मिनिटे थांबावे. बहुतेक कृती इथेच घाई करतात. गरम थरावर साखर टाकली की ती पातळ स्निग्धात बुडते, पांढरा लेप नाहीसा होतो आणि तेलकट डाग उरतात. थर कोमट, पण बोटाला अजून चिकट असावा. फार गार झाला तर साखर धरतच नाही. पिठीसाखर दोन वेळा विभागून, झाकणाच्या डब्यात घालून हलवावी. विकतच्या पिठीसाखरेत बहुधा कॉर्नफ्लोअर असतो. घरी दळलेल्या 180 ग्रॅम साखरेत दोन लहान चमचे मिसळावा, नाहीतर ओल धरून गोळे होतात.

मिश्रण पसरून तासभर सुकू द्यावे, मगच हवाबंद डब्यात भरावे. आठवडाभर टिकते. मनुके घालू नयेत, त्यांची ओल सिरियलमध्ये उतरते. भाजलेले बदाम चालतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांसाठी सूर्यफूल-बियांचे बटर त्याच वजनात चालते.

अमेरिकेत याला ‘पपी चाऊ’ म्हणतात. नावावर जाऊन कुत्र्याला मात्र घालू नये, चॉकलेटमधले थिओब्रोमीन त्याला विषारी असते.

आपला,
एक वाचक