विषय : नमुना चुकीच्या वेळी घेणे व अहवालावर खोटी वेळ छापणे

व्यवस्थापक महोदय,

तुमच्या ग्राहक सेवेला आज चौथ्यांदा फोन करून झाल्यावर हे लिहीत असल्यामुळे नमनाला घडाभर तेल घालत नाही.

मूतखड्यासाठी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये माझ्या ७४ वर्षांच्या आईच्या डाव्या ॲड्रिनल ग्रंथीत २.६ सेंटिमीटरची गाठ दिसली. उतारवयात अशा गाठी पुष्कळांना निघतात व बहुतेक निरुपद्रवी असतात; परंतु हिची घनता २४ हाउन्सफील्ड (सीटी स्कॅनमधील घनतेचे एकक), म्हणजे निर्धास्त राहण्याच्या १० या मर्यादेच्या बरीच वर असल्याने आणि आईला उच्च रक्तदाबही असल्याने, गाठ संप्रेरके स्रवते का हे पाहणे आवश्यक होते.

कॉर्टिसोल हे ॲड्रिनलचे संप्रेरक दाबणारी डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी रात्री ११ वाजता घेतल्यावर कॉर्टिसोलच्या तपासणीचे रक्त सकाळी ८ ते ९ दरम्यान घ्यायचे, हे तुमच्याच सूचनापत्रकात आहे. तुमचा माणूस ११.४० ला उगवला. ॲड्रेनालिनसारख्या संप्रेरकांपासून बनणाऱ्या मेटानेफ्रिनच्या तपासणीसाठी आधी किमान २० मिनिटे आडवे ठेवायचे असताना त्याने, दार उघडायला उठलेल्या आईला, खुर्चीत बसवून लगेच सुई टोचली. अहवालावर मात्र वेळ ८.३० छापली आहे!

त्यातले नॉर्मेटानेफ्रिन वाढलेले आले आणि फिओक्रोमोसायटोमाच्या, म्हणजे अशी संप्रेरके अतोनात स्रवणाऱ्या गाठीच्या, धास्तीने आम्ही तीन रात्री जागून काढल्या. बसून घेतलेल्या रक्तात हा आकडा वाढू शकतो, हे डॉक्टरांनी नंतर सांगितले.

यावर तुमच्या प्रतिनिधी म्हणाल्या, “सर, रक्त आठला घेतलं काय नि बाराला घेतलं काय, रक्त तेच ना?” मी कॉर्टिसोल दिवसभर बदलते असे सांगताच त्यांनी विचारले, “ॲड्रिनल म्हणजे किडनीच ना?” मी म्हणालो, किडनीच्या वर असते. थोडे थांबून उत्तर आले, “मग किडनीचं पॅकेज घ्या, सध्या सवलत आहे. आणि आजींचं वय झालंय, या वयात आकडे थोडे वरखाली होणारच.” आईच्या वयाची काळजी तुम्ही करावी हे हृद्य आहे, तिला त्या वेळी आडवे केले असते, तर अधिक शोभले असते.

दोन्ही तपासण्या योग्य वेळी, योग्य रीतीने, विनामूल्य पुन्हा कराव्यात आणि ८.३० ही वेळ कोणी नोंदवली याचा लेखी खुलासा सात दिवसांत द्यावा, अन्यथा दाराच्या कॅमेऱ्यातील ११.४० चे चित्रण जोडून मी ग्राहक न्यायालयात जाईन. दहा वर्षे आमच्या घरातील प्रत्येक तपासणी तुमच्याकडे होत आली आहे. त्या अहवालांवरील वेळा तरी खऱ्या होत्या का, हेही त्याच पत्रात कळवावे.

तुमचा आजवरचा ग्राहक