आई-बाबा, मी त्या ऑडिशनला जात नाहीये

प्रिय आई-बाबा,

रविवारी बाबांनी विचारलं की त्या ऑर्केस्ट्राच्या जागेचा फॉर्म भरलास का, तेव्हा गडबडीत नीट बोलणंच झालं नाही. आणि खरं तर हे फोनवर सांगण्यासारखं नाहीच, मध्येच आवाज तुटतो, मध्येच तुमच्याकडे दारावर कोणीतरी येतं, म्हणून सरळ लिहितेय. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ताच झालंय, स्वतः वाचत बसू नका, आईला वाचून दाखवायला सांगा. आई, पूर्ण वाच आणि मगच फोन कर.

फॉर्म मी भरलेला नाही आणि भरणार नाहीये. तुम्हाला वाटत असेल की पोरगी घाबरली, तर तसं अजिबात नाही. मोठ्या ऑर्केस्ट्रांच्या ऑडिशन कशा असतात ते बाबांना माहितीये, एका जागेसाठी शेकड्याने अर्ज येतात, मोठ्या पडद्यामागे उभं राहून वाजवायचं, बुटांच्या आवाजावरून बाई की पुरुष कळू नये म्हणून खाली गालिचा अंथरतात, स्ट्राऊसच्या डॉन हुआनचं पहिलं पान आणि मोत्सार्टच्या कॉन्चेर्टोची सुरुवात, अशा थोड्या तुकड्यांवर सगळं ठरतं आणि कधीकधी तर दिवसाच्या शेवटी कोणालाच घेत नाहीत. मला ती पद्धत वाईट वाटत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांमध्ये 1970 नंतर बायका दिसायला लागल्या त्यात त्या पडद्याचाही वाटा होता, आणि तिथे बसून वाजवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मला जे काम आयुष्यभर करावंसं वाटतंय ते मला इथे प्रॉव्हिडन्स शहरात सापडलंय, आणि ते सोडून आता वर्षभर ऑडिशनची ती पंधरा-वीस पानं घोटत बसायची माझी इच्छा नाही.

आई, तू मागे म्हणालीस की मुलांना शिकवायचंच होतं तर एवढ्या लांब जाऊन मास्टर्स कशाला केलंस, मिरजेतच क्लास काढला असतास. तुझं म्हणणं समजतं गं, पण हा क्लास नाहीये, म्हणून आधी हे काय आहे ते सांगते.

सेबॅस्टियन रूथ म्हणून एक व्हायोलिनवाला, 1997 साली इथल्या ब्राउन युनिव्हर्सिटीतून नुकताच बाहेर पडलेला, त्याने कम्युनिटी म्युझिकवर्क्स ही संस्था सुरू केली, मी काम करते ती हीच. शहराच्या वेस्ट एंड भागात, जिथे कामगारांची वस्ती आहे, डोमिनिकन, ग्वाटेमालन, कंबोडियन, लायबेरियन अशी जगभरातून आलेली घरं आहेत, तिथे पूर्णवेळ व्यावसायिक स्ट्रिंग क्वार्टेटने, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चौघांनी, बस्तान बसवायचं, तिथेच रियाज करायचा, तिथेच कार्यक्रम करायचे आणि तिथल्याच मुलांना व्हायोलिन, व्हायोला, चेलो शिकवायचं, आणि तेही फुकट, वाद्यसुद्धा संस्थेचंच. व्हेनेझुएलात 1975 पासून गरीब वस्त्यांमधल्या मुलांचे मोठमोठे ऑर्केस्ट्रा उभे केले ते बाबांनी यूट्यूबवर बघितलंय, पण इथे कल्पना वेगळी आहे. तिथे शंभर मुलं एकत्र बसतात, इथे केंद्रस्थानी मोजके वाजवणारे आहेत जे वस्तीतले शेजारी झालेत.

आणि त्यांचा रियाज कुठे चालायचा माहितीये? वेस्टमिन्स्टर स्ट्रीटवर एका दुकानाच्या गाळ्यात, मोठ्या काचेमागे, म्हणजे बसची वाट बघणारा माणूस, लाँड्रीची पिशवी घेऊन चाललेली बाई, शाळेतून सुटलेली पोरं, सगळ्यांना चौघं वाजवताना, थांबताना, वाद घालताना दिसायचे. आता त्याच रस्त्यावर 2024 मध्ये संस्थेची स्वतःची इमारत झालीय, छान आहे, पण मला त्या गाळ्याची कल्पनाच जास्त भावते. बाबा, तुम्हीच सांगायचात ना, जुन्या काळी मिरजेत बुवांकडे राहून शिकणाऱ्यांना तालीम किती मिळायची तर थोडी, बाकी दिवसभर पाणी भरायचं, तानपुरा धरायचा आणि बुवांचा रियाज कानावर पडू द्यायचा, खरं शिक्षण ते. इथे पाणी भरायला लागत नाही एवढाच फरक!

हे मला का पटलं ते एका मुलीवरून सांगते. माझ्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी येते, ग्वाटेमालाचं कुटुंब, बरोबर तिची आजी असते, आजीला इंग्लिश येत नाही, ती कोपऱ्यात विणकाम घेऊन बसते आणि सगळं ऐकते. या मुलीचा गज थरथरायचा, लांब सूर ओढायला लागली की मधोमध गज नाचायला लागायचा, आणि तसं झालं की ती घाई करून पुढे निघून जायची, अवघड जागा आली की पळ, अवघड जागा आली की पळ. मी अंगठा वाकव म्हणून सांगितलं, खांदा सोड म्हणून सांगितलं, आरशासमोर उभं केलं, तेवढ्यापुरता फरक पडायचा. मग एकदा ती लवकर आली आणि आमचा रियाज चालू होता, हायडनच्या क्वार्टेटची संथ मूव्हमेंट, त्यातला चार बारचा छोटा तुकडा आम्ही परत परत वाजवत होतो कारण माझा आणि चेलोचा सूर जुळत नव्हता. नुसती चेलोची ओळ, मग नुसती माझी, मग दोघं एकदम अगदी हळू, मग चौघं. ती दारात उभी राहून सगळं बघत होती. नंतर मला विचारलं, तुम्हाला पण येत नाही? मी म्हटलं, येत नाही म्हणून तर करतोय. त्या दिवशी क्लासमध्ये अवघड जागा आली तर ती स्वतःच थांबली, स्वतःच मागे गेली, गज हळू केला आणि तीच जागा परत घेतली, मी एक शब्द बोलले नव्हते. आजीने विणकाम खाली ठेवलं.

मला स्वतःला हे कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं कदाचित, पण प्रॅक्टिस कशी करायची हे तोंडाने शिकवून येत नाही, कुणालातरी प्रॅक्टिस करताना बघावं लागतं. आणि आजकाल मुलांना बघायला काय मिळतं तर तयार झालेलं, एडिट केलेलं, रीलवर साठ सेकंदांत. वाजवणारा माणूस अडलेला दिसतच नाही त्यांना. म्हणून शिकवणाऱ्याने स्वतः गंभीरपणे वाजवत राहिलंच पाहिजे, आणि वाजवणाऱ्याने मुलांच्या समोर राहिलं पाहिजे, या दोन नोकऱ्या नाहीतच मुळी, एकच काम आहे. हेच मला तुम्हाला सांगायचंय. मी वाजवणं सोडून शिकवायला लागले असं नातेवाईकांना सांगू नका प्लीज. सकाळी रियाज असतो, दुपारी शाळा सुटली की मुलं येतात, आठवड्यातून एकदा मोठी मुलं जमतात, एकत्र जेवतात आणि गप्पा मारतात, संगीतावर, शाळेवर, वस्तीतल्या भानगडींवर, आणि महिन्यातून कुठे ना कुठे आमचा कार्यक्रम असतो, वाचनालयात, चर्चमध्ये, वृद्धाश्रमात.

बाबांना "पुढे काय" ची काळजी आहे म्हणून एक नाव सांगते. जेसी माँटगोमरी, आज अमेरिकेतल्या मोठ्या संगीतकारांमध्ये गणली जाते, शिकागो सिंफनीची रेसिडेंट कंपोझर होती, 2024 ला ग्रॅमी मिळालं. ती आधी इथल्याच प्रॉव्हिडन्स स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये व्हायोलिन वाजवायची, याच वस्तीत मुलांना शिकवायची, आणि तिचं "स्ट्रम" हे कॉम्पोझिशन 2006 मध्ये इथल्याच वादकांसाठी लिहिलेलं, इथेच पहिल्यांदा वाजलेलं. सुरुवातीला गज बाजूलाच, सगळं बोटांनी छेडायचं, गिटारसारखं, एकमेकांत गुंतलेलं, आणि मग हळूहळू उसळतं. मुलांसमोर वाजवलं की छोटी मुलं लगेच आपल्या व्हायोलिनवर बोटं मारायला लागतात, आवरत नाहीत. लिंक पाठवते, हेडफोन लावून ऐका.

आता पैसा. पगार मोठ्या ऑर्केस्ट्राच्या जवळपासही नाही हे खरं आहे. पण ठरलेला पगार आहे, हेल्थ इन्शुरन्स आहे, आणि माझ्याबरोबर शिकलेले कितीतरी जण लग्नाच्या रिसेप्शनमध्ये वाजवून आणि चार शहरांत गाडी पळवून भाडं भरतायत, त्या मानाने मी खूप सुखात आहे. माझी फेलोशिप दोन वर्षांची आहे, 2006 पासून तरुण वादकांसाठी ही चालते, मुद्दाम दोन वर्षांचीच ठेवलीय की शिकून जावं आणि दुसरीकडे असं काम उभं करावं. न्यू हेवनला म्युझिक हेवन याच नमुन्यावर उभं राहिलंय. सगळं देणग्या आणि ग्रँटवर चालतं. 2010 ला रूथला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, पाच लाख डॉलर, पण ते त्या माणसाला, संस्थेचे पैसे दरवर्षी नव्याने उभे करावेच लागतात.

इथे बाबा लगेच विष्णू दिगंबर पलुस्करबुवांचं उदाहरण देणार हे मला माहितीये, कारण लहानपणापासून ऐकलंय. मिरजेत शिकलेला माणूस, 1896 ला बाहेर पडला आणि 1901 मध्ये पार लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय काढलं, कोणा संस्थानिकाच्या पदरी न राहता, लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या मैफिलींच्या तिकिटांवर. आणि मुंबईची एवढी हौसेने बांधलेली इमारत कर्जापायी गेली. बरोबर आहे, गेली. पण त्यांनी तयार केलेले विद्यार्थी बघा ना, विनायकराव पटवर्धन पुण्यात, देवधर मास्तर मुंबईत, ओंकारनाथ ठाकूर बनारसला, आणि देवधरांकडे शिकले कुमार गंधर्व. इमारत लिलावात गेली आणि गाणं घरोघर गेलं, आज आपल्या मिरजेतल्या ऑफिसातून देशभरच्या मुलांच्या परीक्षा होतात त्या त्याच माणसामुळे. ही भीती मला पण वाटते, खोटं नाही सांगत, एखाद्या वर्षी ग्रँट आली नाही तर काय. पण ती धरून बसले तर काहीच करता येणार नाही.

आणि मी व्हायोलिन धरलं ते तरी कशामुळे? बाबांची पणजीला बदली झाली, कला अकादमीत वेस्टर्नचे वर्ग होते आणि ते परवडणारे होते म्हणून. माझे तिथले सर, तरुणपणी मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवलेले, रविवारी चर्चमध्ये वाजवायचे, ते स्वतः कुठे शिकले तर गावच्या चर्चच्या शाळेत. पोर्तुगीज काळापासून गोव्यात गावोगावी हे होतं, मेस्त असायचा, तो चर्चचं संगीत सांभाळायचा आणि गावातल्या पोरांना सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवायचा. हिंदी सिनेमातल्या त्या सगळ्या व्हायोलिनच्या रांगा तिथून आल्या. म्हणजे कुणीतरी वाजवणारा माणूस गावात राहिला म्हणून पुढचे झाले. मला तो गावात राहणारा माणूस व्हायचंय.

तिकडे मिरजेला येऊन असं काही करशील का, असं आईने विचारलं होतं. विचार मनात सारखा येतो, दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने मोठमोठे कलाकार येऊन सेवा म्हणून गातात-वाजवतात आणि समोर सगळा गाव बसतो, ते बघत वाढलेल्या गावात हे अवघड जाऊ नये. पण आत्ता उत्तर नाही माझ्याकडे, आधी इथलं नीट शिकून घेते, मुलांना शिकवणं आणि पैसे उभे करणं दोन्ही.

माझी तब्येत चांगली आहे. थंडी कडक आहे, हीटरने हवा इतकी कोरडी होते की वाद्याच्या खुंट्या आपोआप सरकतात, मुलं रडवेली होऊन येतात की तारा सैल झाल्या, मग आधी पंधरा मिनिटं सगळ्यांची व्हायोलिनं लावण्यात जातात. आई, गुडघ्याचा एक्स-रे काढलास का, ते राहू देऊ नकोस.

बाबा, एक काम आहे तुमच्याकडे. तुम्ही मांडी घालून बसून वाजवायचात ती दुर्गा रागातली तीनतालातली गत, ती मला मुलांसाठी चार भागांत बसवायचीय, सगळ्यात छोट्यांना नुसत्या मोकळ्या तारांवर साथ देता येईल अशी. डॉक्टरांनी परवानगी दिली की फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. एकदा तुमच्या लयीत आणि एकदा अगदी सावकाश, तान नको, फक्त स्थायी आणि अंतरा. मागे कुकरची शिट्टी आली तरी चालेल.

तुमची,
मनू