सुई उडाली तेव्हा फेडरवर हात असलेल्या काकांना

काका, नमस्कार.

महोत्सवाची पत्रिका छापून आली तेव्हा मी आधी स्वतःचं नाव शोधलं. होतं. नर्तकांची होती, डीजेची होती, मागची ग्राफिटीची भिंत रंगवणाऱ्या दोघींचीही होती. फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायचे सरकते खटके, सांभाळणाऱ्या तुमच्या जागी मात्र छापलं होतं, ‘ध्वनी : सभागृह व्यवस्था’. ती ओळ मीच पाठवली होती आणि पाठवताना मला त्यात काही खटकलं नव्हतं. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर. नाव इथेही घालत नाही, कारण फोनवर तुम्ही “आता आणखी कुठे छापत बसू नकोस” असं बजावलंय, आणि तुमचं न ऐकण्याचा प्रयोग माझा एकदा करून झालाय.

तो पहिला दिवस आठवतो ना? हिप-हॉपवर नाट्यमहोत्सव म्हणजे तीन दिवस कानठळ्या, अशी तुमची समजूत होती, आणि खरं सांगायचं तर तुम्ही म्हणजे नियमांची फाइल, अशी माझी. मी टर्नटेबलचं, म्हणजे तबकड्या वाजवायच्या यंत्राचं, टेबल रंगमंचाच्या बरोबर मधोमध मांडलं. तुम्ही म्हणालात, “तिथे नको.” मी म्हणालो, “डीजे आमचा सूत्रधार आहे, तो मध्येच हवा.” तुम्ही खांदे उडवून बूथमध्ये निघून गेलात. दहा मिनिटांनी पहिल्या नर्तकाने हातावर उडी घेतली, धप्पकन फ्रीझ धरला, म्हणजे तशाच पोझमध्ये गोठला, आणि तबकडीवरची सुई टुण्णकन दोन खोबणी ओलांडून गेली. पुन्हा केलं, पुन्हा उडाली. बास, म्हणजे खर्जातला आवाज, वाढवला तर वर ‘घूं’ सुरू झालं. तुम्ही काचेमागून बघत होतात. हसला नाहीत, हे आधी नोंदवून ठेवतो.

मग खाली येऊन जे सांगितलंत ते मी वहीत लिहून ठेवलंय. सुईचं काम एकच, थरथर वाचायची. ती खोबणीतली की फळीतली, हे तिला कळत नाही. रंगमंच खालून पोकळ, म्हणजे एक मोठा ढोलच, आणि आम्ही सुई त्या ढोलावर ठेवून वर माणसं नाचवत होतो. बासचे स्पीकरही त्याच फळ्यांवर. आवाज फळीत, फळीतून सुईत, सुईतून परत स्पीकरमध्ये. ‘घूं’ तिथून येत होतं.

कोणीतरी सुचवलं, गाणी लॅपटॉपवरून वाजवा, डीजेने नुसता अभिनय करावा. मी चिडलो. तुम्ही शांतपणे विचारलंत, “का नको?” तेव्हा मी जे भाषण ठोकलं ते लांबलं होतं. पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात सांगतो. आमचं नाटक एका रात्रीचं. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १५२०, सेजविक अव्हेन्यू ही इमारत. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते. तिने इमारतीतल्या सामायिक खोलीत पार्टी ठरवली, कार्डांवर हाताने आमंत्रणं लिहिली. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. तबकड्या वाजवायला भाऊ क्लाइव्ह, वय अठरा, ज्याला जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखतं. त्याचा मित्र कोक ला रॉक माइकवरून ओळखीच्यांची नावं पुकारत होता. गाण्यात गायक थांबून नुसती तालवाद्यं उरतात त्या तुकड्याची, म्हणजे ब्रेकची, नाचणारे वाट बघतात, हे हर्कने हेरलं होतं. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तेवढाच तुकडा लांबवायचा, एक संपत आला की दुसऱ्यावर उडी. बी-बॉय हे नाव त्या ब्रेकवर नाचणाऱ्यांचं. आता हे सगळं फाइलवर कसं दाखवणार? दोन हात आणि दोन तबकड्या हाच तर प्रसंग.

भाषण तुम्ही ऐकून घेतलंत, पण डोळे चमकले ते नंतर, टर्नटेबलवरची कापडी चकती उचलून “हे काय?” विचारलंत तेव्हा. मी ग्रँडमास्टर फ्लॅश या हिप-हॉपच्या सुरुवातीच्या काळातल्या डीजेची गोष्ट सांगितली. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला पोरगा. तबकडी हाताने धरली तरी खालची प्लेट फिरत राहायला हवी, म्हणून त्याने फेल्टचं कापड गोल कापलं, आणि आई शिवणकाम करायची त्यामुळे घरात खळ होतीच, ती लावून ते कडक केलं. ब्रेक कुठे सुरू होतो हे डोळ्यांना दिसावं म्हणून तबकडीवर रंगीत खडूच्या खुणा केल्या. पुढची तबकडी लोकांच्या आधी आपल्या कानात ऐकू यावी म्हणून स्वतः खटका जोडला. तुम्ही चकती उलटसुलट केलीत आणि म्हणालात, “मग हा आमच्यातला.”

काका, त्या एका वाक्याने माझी पंचाईत केली. मी हिप-हॉपवर दोन वर्षं बोलतोय. बंड, आवाज, अस्मिता, सगळे शब्द तोंडपाठ. पण टाकाऊ स्पीकर उघडून बघणारी, कात्री आणि कापड घेऊन बसणारी पोरं माझ्या बोलण्यात कधी आली नव्हती. माझ्या संहितेतही नव्हती. तुमच्या बूथमध्ये सोल्डरिंग आयर्न आणि चिकटपट्टीची चळत बघूनसुद्धा मला हे सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बाहेरून फरशीचा एक जाड तुकडा आणि पिशवीत टेनिसचे चार चेंडू घेऊन आलात. चेंडू मधोमध कापले, अर्ध्या वाट्या फरशीखाली पालथ्या घातल्या, वर टर्नटेबल. जड फरशी सहजी हलत नाही, आणि जी थरथर वर येते ती रबर खातं. स्पीकर जमिनीवर उतरवले. मिक्सरवर टर्नटेबलच्या वाटेतला अगदी खालचा गडगडाट कापला. आणि मग दाखवलंत की रंगमंचाच्या पुढच्या कडेला दीड हात सिमेंटची पट्टी आहे, फळ्या तिच्याआधीच संपतात. “तुझा सूत्रधार इथे बसव. लोकांच्या मांडीवर बसेल, काय बिघडलं?” काहीच बिघडलं नाही. उलट मधली जागा नाचणाऱ्यांना मोकळी मिळाली, जी पहिल्यापासून त्यांचीच असायला हवी होती.

हे नाटक नव्हे, गॅदरिंगचा कार्यक्रम आहे, असं निवड करणाऱ्यांपैकी एकांचं मत होतं. त्यांच्यासमोर मी इतिहास मांडला. हिप-हॉप नाटकांचा स्वतंत्र महोत्सव नट-लेखक डॅनी हॉकने २००० साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केला. लिन-मॅन्युएल मिरांडाचं ‘इन द हाइट्स’ हे रॅप असलेलं संगीत नाटक आधी वेस्लियन विद्यापीठात, तो विद्यार्थी असताना उभं राहिलं आणि २००८ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, गेलं. त्यांचं समाधान झालं की ते कंटाळले, कोण जाणे. प्रवेश मिळाला. पण खरी टीका तुमची होती, आणि ती तारा गुंडाळता गुंडाळता केलेली : “त्या पोरीची पार्टी म्हणतोस, आणि पोरगी पहिल्या वीस मिनिटांत दिसतच नाही.”

काय बोलणार? सिंडीचं नाटक लिहायला बसून मी तिच्या भावाच्या प्रेमात पडलो होतो. त्या रात्री पहिला प्रवेश फाडला. नवीन प्रवेशात सिंडी दाराशी बसते, नाणी मोजते, कार्डं तपासते, कुणाला फुकट आत सोडायचं यावर मैत्रिणीशी भांडते, आणि पडद्यामागून येणारा ब्रेक ऐकत पायाने ताल धरते. नाटकाला पाठीचा कणा मिळाला तो तिथे.

आता प्रयोगाचं. हे मी लोकांना अजून सांगितलेलं नाही.

रंगीत तालमीच्या दिवशी तुम्ही एक सपाट माइक फळीला चिकटवत होतात. मी विचारलं कशाला, तर “असू दे.” नाटकात त्याचं काही काम नव्हतं. प्रयोगात चौथ्या प्रवेशाच्या ऐन मध्यावर डीजेच्या शर्टाची बाही सुईच्या दांड्यात अडकली. चर्रर्र आणि शांतता. फरशीचा दोष नव्हता, चेंडूंचाही नाही, बाही होती. रॅप करणारा ओळीच्या मध्येच थांबला. मी विंगेत डोळे मिटून घेतले. दोघं नर्तक खाली फूटवर्क, म्हणजे जमिनीलगतच्या पायांच्या चाली, करत होते ते थांबले नाहीत, बहुधा भीतीनेच. आणि मग त्यांच्या बुटांचा आवाज वाढायला लागला. टप-टप, घस्स, टप. सभागृहभर. आधी मला कळेचना तो येतोय कुठून. कडेला उभ्या असलेल्या पोरांनी टाचा आपटायला सुरुवात केली, रॅपवाल्याने श्वास घेतला आणि पुढची ओळ त्या पायांवर टाकली. तेवढ्यात डीजेने खडूची खूण शोधून सुई ठेवली, आणि बीट असा पडला की मागच्या रांगा उभ्या राहिल्या.

जी थरथर दोन आठवडे आपण सुईपासून दूर ठेवत होतो, तीच तुम्ही त्या सपाट माइकमधून एका बोटाने वर उचललीत.

लोकांना वाटलं ते बसवलेलं आहे. परीक्षकांपैकी एकांनी माझा हात हातात घेऊन ‘त्या शांततेबद्दल’ अभिनंदन केलं आणि मी “थँक्यू सर” म्हणालो. तीनदा म्हणालो, वेगवेगळ्या लोकांना. पत्रिकेतली चूक अनवधानाने झाली म्हणता येईल, ही नाही. त्या शांततेतून बाहेर पडायची वाट तुमची होती, हे त्या तिघांनाही कळवलंय.

तुम्हाला विचारलं, कसं सुचलं? तर म्हणालात, “फेडरवर हात होता, दुसरं काय करणार?”

फरशी डाव्या विंगेत, पडद्याच्या दोरीमागे उभी करून ठेवली आहे. ती आता तिथेच राहू दे, पुढच्या वर्षी कोणीतरी टेबल मधोमध मांडायला येईलच. चेंडू तुमच्या नातवाचे होते हे मला उशिरा समजलं. कापलेले परत देण्यासारखे नाहीत, म्हणून नवे सहा बूथच्या टेबलावर ठेवलेत. चार त्याला द्या. दोन तुम्हाला लागतील.

तुमचा,
मधोमध टेबल मांडणारा