नंबर सोबत येतो, मग निरोप का नाहीत?

महोदय,

मुलगा मागे लागलाय, "आई, अँड्रॉइड सोड, आयफोन घे." त्याचा कॅमेरा उत्तम, अपडेट वर्षानुवर्षं मिळतात, हे मलाही पटतं. पण माझ्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ह्यांच्या आवाजातले निरोप आहेत, आणि हे आता हयात नाहीत. अँड्रॉइडवरचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर राहतो. आयफोनवर तो उतरवता येत नाही. २०२२ मध्ये 'मूव्ह टू आयओएस' अ‍ॅपमधून निरोप हलवायची सोय आली, तीही आयफोन कोरा असताना, पहिल्यांदा सुरू करतानाची. फोन आधीच वापरायला काढला असेल तर सगळं पुसून पुन्हा सुरुवात! आमच्या इथल्या दुकानदाराने यातलं अक्षरही सांगितलं नाही. पैसे मोजून घेतलेली अ‍ॅप्सही बहुधा तिकडे पुन्हा विकतच घ्यावी लागतात.

२० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइल सेवेची कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो. 'ट्राय' या दूरसंचार नियामकाच्या नियमांमुळे ते शक्य झालं. निरोप आणि विकत घेतलेली अ‍ॅप्स सोबत नेण्याचा हक्कही सरकारने असाच नियम करून द्यावा. तोवर मी अँड्रॉइड सोडणार नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा