मार्गशीर्षात माणसं मोजायची आन् वैशाखात पाणी वाटायचं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात पाणी-स्वच्छतेच्या 'डेटा आधारित नियोजना'वर लेख वाचला. लेखकांनी अभ्यास करून लिहिलंय, त्यात वाद नाही. डॅशबोर्ड, जिओ टॅगिंग, ॲप, सगळं आलंय. फक्त ऊसतोड हा शब्द कुठं सापडला नाही. बीड जिल्ह्याच्या पाण्यावर पाऊण पान लिहायचं आन् कोयत्याचं नावच काढायचं नाही म्हणजे कमालच झाली.

आमच्या घरचंच सांगतो. मी नोकरीमुळं तालुक्याला राहतो, दोन्ही भाऊ, भावजया आन् लेकरं दिवाळी झाली की मुकादमासोबत ऊस तोडायला कारखान्यावर जातात. गावी माय आन् शाळेसाठी मागं ठेवलेली एक पुतणी. मार्गशीर्षात टॅब घेऊन एक पोरगा सर्वेला आला, आजी घरात किती माणसं? माय म्हणाली, मी आन् ही. त्यानं २ टाकले. आता माय खोटं बोलली नाही आन् त्या पोराचंही काही चुकलं नाही, त्याच्या टॅबवर 'आज कारखान्यावर किती' असा रकानाच नव्हता. मग मायला नळापाशी उभं करून फोटो काढला. तोटी नवी कोरी होती, नळाला पाणी नव्हतं, पण ते काय फोटोत दिसत नाही. आजूबाजूच्या घरांना कुलपं, तिथं 'घर बंद' लिहून गडी पुढं गेला.

पाडव्यानंतर कारखान्याचा पट्टा पडला म्हणजे गाळप संपलं, सगळे कोयते म्हणजे ऊसतोडीची माणसं परत आली, घरात २ ची ९ माणसं झाली, वरून बैलजोडी. टँकर विहिरीत रिकामा करायचा अवकाश की काठावर नुसती झोंबाझोंबी, टिपाड भरायचं लांबच, घागर वर आली तर अर्धा गाळ. खेप वाढवून मागायला आम्ही काही जण गेलो तर साहेब शांतपणे म्हणाले, तुमच्या गावची एवढी लोकसंख्या दिसत नाही. कशी दिसणार साहेब? टँकरला माणशी रोज २० लिटर धरतात आन् जलजीवन योजनेच्या नळाला ५५, हे आम्हालाही पाठ झालंय, पण गुणायचं कशानं? माणसंच कमी धरली तर लिटर कितीही वाढवा.

बरं, जनगणना म्हणावी तर शेवटची २०११ ची, तीही फेब्रुवारीत मोजलेली, म्हणजे ऐन गाळपात. २०२१ ची झालीच नाही. पुढची १ मार्च २०२७ ची तारीख धरून होणार, तेव्हाही आमची माणसं उसाच्या फडातच असणार! गंमत अशी की भूजल सर्वेक्षणवाले निरीक्षण विहिरीची पातळी वर्षातनं चारदा मोजतात, पावसाळा संपल्यावर, जानेवारीत, मार्चला, मे मध्ये. पाण्याची चढउतार सरकारला कळते, माणसांची कळत नाही. एप्रिल-मे मध्ये एकदा गावात येऊन माणसं आन् जनावरं मोजा, बस एवढंच म्हणणं आहे. वेगळं ॲप बनवायची पण गरज नाही, शाळा मास्तरला नाहीतर आशाताईला विचारलं तरी कोण कधी आलं कोण कधी गेलं ते तोंडपाठ सांगतील. पण मग कंपनीला टेंडर कसं मिळणार म्हणा.

लेखात शौचालयांचं कौतुक आहे त्यावर जास्त बोलत नाही. २०१८ ला आख्खा ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला, आमच्या घरचं शौचालयही फोटोसकट नोंदलेलं आहे. उन्हाळ्यात त्यात कडबा ठेवतो. प्यायला घागर मिळंना तर तिथं बादली कोण ओतणार?

आन् लेखाबरोबरचा तो फोटो, हिरवंगार रान, भरून वाहणारा नळ, हसणारी बाई. तो बीड जिल्ह्याच्या पानावर कुणी टाकला? तुमचे बातमीदार तालुक्याला बसतात, मे महिन्यात त्यांना एकदा टँकरमागं आमच्याकडं पाठवा. चहा देऊ. पाणी मात्र त्यांनी सोबत आणावं.

आपला,
एक नेहमीचा वाचक, जि. बीड